घरगुती स्मोक टेस्टर: इंजिनातली व्हॅक्यूम गळती शोधताना ‘धूर दिसला नाही’ यावर केव्हा विश्वास ठेवावा

इनटेकमधल्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेतल्या, फटीतून चोरटी हवा आत शिरते ती व्हॅक्यूम गळती. ती शोधायला घरी स्मोक टेस्टर, म्हणजे या वाटेत धूर भरणारे यंत्र, बनवणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी फसतात. डबा तयार होतो, त्यातून धूर निघतो, नळी इंजिनाला जोडली जाते, पाच मिनिटे बॉनेटखाली काहीच दिसत नाही, आणि गळती नाही असे ठरवून टाकले जाते. मग ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. मग आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर. मग इंजेक्टर साफ होतात. आयडलिंग (उभ्या गाडीतले इंजिनाचे संथ चालणे) मात्र तसेच वरखाली होत राहते, कारण गळती जागच्या जागी असते आणि धूर तिच्यापर्यंत कधी पोचलेलाच नसतो.

म्हणून या लेखात डबा बनवण्याइतकीच जागा पडताळणीला दिली आहे. यंत्र धूर देते का, तो धूर पूर्ण इनटेकमध्ये भरला का, आणि शेवटच्या टोकापर्यंत पोचला का, या तिन्ही गोष्टी सिद्ध झाल्याशिवाय ‘दिसले नाही’ या उत्तराला किंमत नाही.

आधी हे ठरवा: धुराची गरज आहे का?

स्कॅनर जोडा आणि इंजिन गरम झाल्यावर फ्युएल ट्रिमचे आकडे (गाडीचा संगणक इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते) दोनदा लिहून घ्या: एकदा आयडलला, एकदा २५०० आरपीएमवर धरून. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म या दोन्ही आकड्यांची बेरीज पाहायची.

- आयडलला बेरीज अधिक २० च्या आसपास आणि २५०० वर जवळजवळ शून्य: व्हॅक्यूम गळतीचा दाट संशय. आयडलला इंजिन हवा कमी ओढते, त्यामुळे फटीतून येणाऱ्या चोरट्या हवेचा वाटा मोठा ठरतो. आरपीएम वाढले की तीच हवा नगण्य होते.
- दोन्हीकडे सारखीच जास्त, किंवा वेग आणि भार वाढला की आणखी वाढणारी: इंधनाचा दाब, फिल्टर किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर आधी तपासा. धुराने हे सापडणार नाही.

पी०१७१ किंवा पी०१७४ हे कोड ‘मिश्रण पातळ’ एवढेच सांगतात, कारण सांगत नाहीत. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. ज्या इंजिनात एअरफ्लो सेन्सर नसून मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या जोडणीचा) दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, तिथे गळती असूनही ट्रिम बरेच सरळ दिसू शकतात. चोरट्या हवेने मॅनिफोल्डमधला दाब वाढतो, संगणकाला तो दिसतो आणि तो त्या प्रमाणात इंधन देतो. अशा गाडीत लक्षण वेगळे असते: आयडलचे आरपीएम चढे राहतात.

ट्रिमचे हे आकडे कागदावर ठेवा. दुरुस्तीनंतर यांच्याशीच तुलना करायची आहे.

सामान

- दाबून बसणाऱ्या झाकणाचा, एक लिटरचा नवा कोरा पत्र्याचा रंगाचा डबा. वापरलेला नको, आत राहिलेला रंग तापून पेटतो. काचेची बरणी तडकते, प्लास्टिक वितळते.
- ०.४ मिमी जाडीची निक्रोम तार, साधारण ५५ सेंमी.
- काचतंतूंची ८ मिमी जाड दोरी. हीच आपली वात.
- शुद्ध, बिनवासाचे खनिज तेल. लिक्विड पॅराफिन याच जातीचे असते.
- पितळी बोल्ट २, उष्णता सोसणारे इन्सुलेटिंग वॉशर, ६ मिमीचे पितळी निपल २, प्लास्टिक काढून टाकलेले पितळी स्क्रू-कनेक्टर २.
- ५ अँपिअरचा फ्यूज आणि सुट्टी १२ व्होल्टची बॅटरी.
- दाबून धरेपर्यंतच चालू राहणारे पुश बटण. धरून ठेवायचा स्विच मुद्दाम टाळला आहे: हात काढला की तार थंड व्हायलाच हवी.
- माशांच्या टाकीचा हवा पंप, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, टी-जोड, नळी.
- भांडी घासायची जाड पट्टीची स्टीलची घासणी. बारीक स्टील वूल चालणार नाही, ते स्वतःच पेट घेते.
- ४० सेंमीहून उंच पारदर्शक बाटली किंवा नळकांडे.
- कोरड्या पावडरचा किंवा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक, डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क.

तेलाबद्दल तडजोड नको. ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, जुने इंजिन ऑइल यांचा धूर भरपूर निघतो, पण त्यातल्या रसायनांची वाफ फुप्फुसात जाते. सिलिकॉन असलेले कोणतेही तेल ऑक्सिजन सेन्सर खराब करते. खनिज तेलाचा धूरही नाकातोंडात घ्यायचा नाहीच. तेलाचे सूक्ष्म थेंब फुप्फुसात साचून न्यूमोनियासारखा आजार होऊ शकतो. काम उघड्या दाराच्या जागेत करा.

बरेच जण निक्रोमऐवजी डिझेल इंजिनाचा ग्लो प्लग वापरतात. मी तो टाळायला सांगेन. तो ओढतो दहा अँपिअर किंवा त्याहून जास्त, आणि त्याचे टोक ८०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. तेलाची वाफ स्वतःहून पेटायला त्याच्या निम्मेही तापमान पुरते. वर दिलेल्या तारेचा रोध साडेचार ते पाच ओहम भरतो, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे अडीच अँपिअर आणि ३० वॅट. भिजल्या वातीला धुरावायला तेवढे पुष्कळ झाले.

टप्पा १: डबा

१. झाकणाला चार भोके पाडा: दोन बोल्टसाठी, दोन निपलसाठी. हवा आत येण्याचे आणि धूर बाहेर जाण्याचे निपल समोरासमोरच्या कडांना हवेत. जवळजवळ लावले तर आलेली हवा धूर न घेता सरळ बाहेर पडते.

२. बोल्ट वॉशर घालून बसवा. मल्टिमीटरने प्रत्येक बोल्ट आणि झाकण यांच्यात जोड नाही याची खात्री करा. इथे शॉर्ट राहिला तर फ्यूज उडेल. फ्यूज लावायचा आळस केला असेल तर वायर जळेल.

३. वातीच्या मधल्या भागावर निक्रोमचे वीसेक वेढे घ्या. वेढे एकमेकांना चिकटू देऊ नका. तारेचा प्रत्येक इंच वातीला टेकलेला हवा. बोल्टपासून वेढ्यांपर्यंतचा रिकामा भाग निक्रोमचा ठेवू नका. तिथे जाड तांब्याची तार वापरा आणि दोन्हींचा जोड पितळी कनेक्टरमध्ये आवळा. निक्रोमचा उघडा, कोरडा तुकडा लाल होतो, आणि आग लागली तर तिथूनच लागते. सोल्डर करू नका. निक्रोमवर ते नीट धरत नाही आणि धरलेच तर तापून सुटते.

४. डब्यात १५० मिली तेल ओता, तळाशी पावणेदोन ते दोन सेंमी उंची येईल. वेढे तेलाच्या पातळीपासून दोन-तीन सेंमी वर लटकले पाहिजेत आणि वातीची दोन्ही टोके तेलात बुडली पाहिजेत. वेढे तेलात बुडले तर तेल नुसते तापते, धूर होत नाही. फार उंच राहिले तर तेल वर चढत नाही आणि वात कोरडी पडते.

५. धूर जाणाऱ्या निपलच्या आतल्या तोंडाशी घासणीचा सैल गोळा अडकवा, तारांना आणि बोल्टना स्पर्श न होईल असा. उडालेले थेंब तो अडवतो आणि ठिणगी पुढे जाऊ देत नाही.

६. सगळी वात पहिल्यांदा हाताने तेलात भिजवा आणि मग झाकण लावून दहा मिनिटे थांबा.

झाकण फक्त दाबून बसवा. स्क्रू मारून किंवा चिकटवून पक्के करू नका. आत काही भडकलेच तर झाकण उडून दाब मोकळा व्हावा, यासाठीच हा डबा निवडला आहे. त्याच कारणाने चालू असताना डब्यावर वाकून पाहू नका.

टप्पा २: दाबाला लगाम

हा भाग लोक सर्रास गाळतात आणि थेट कॉम्प्रेसर जोडतात. कॉम्प्रेसरवरचा नेहमीचा रेग्युलेटर एक पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचे एकक) खाली विश्वासाने बसतच नाही. काटा शून्याजवळ दिसतो आणि आत तीन-चार पीएसआय जात असतात. एवढ्या दाबाने क्रँकशाफ्टचे ऑइल सील सरकू शकते किंवा पीसीव्हीचा (क्रँककेस या इंजिनाच्या तेलाच्या कोठ्यातली वाफ इनटेकमध्ये नेणाऱ्या व्यवस्थेचा) पातळ पडदा फाटू शकतो. एक गळती शोधायला गेलात आणि दुसरी करून आलात, असे होते. डब्याचेही तसेच: साडेदहा सेंमी व्यासाच्या झाकणावर अर्धा पीएसआय म्हणजे तीन किलोचा रेटा, पण पाच पीएसआय म्हणजे तीस किलोचा.

इनटेकला अर्धा पीएसआय पुरतो. तेवढाच दाब राहील याची हमी पाणी देते:

१. पंपाच्या नळीत टी-जोड घाला. एक फाटा डब्याकडे, दुसरा पाण्याच्या बाटलीकडे.

२. बाटलीकडच्या नळीचे टोक पाण्यात बरोबर ३५ सेंमी खोल बुडवून बांधा. दाब अर्ध्या पीएसआयला पोचला की जास्तीची हवा बुडबुड्यांतून निघून जाते. ७० सेंमी म्हणजे एक पीएसआय. त्यापुढे कधीच जायचे नाही.

३. टी आणि डबा यांच्या मधे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, बाण डब्याकडे. डबा थंड होताना आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाऊ शकते. तापल्या तेलात पाणी गेले तर ते उसळते.

४. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर आणि कोरड्या जागी ठेवा.

तपासा: डब्याचा धुराचा निपल बोटाने बंद केला की बाटलीत जोरात बुडबुडे यायला हवेत. पंप चालू असून बुडबुडे येत नसतील तर एकतर डब्याच्या झाकणातच गळती आहे, किंवा पंप ३५ सेंमी पाणी ढकलू शकत नाही एवढा लहान आहे.

ही बाटली नुसती सुरक्षा नाही. इंजिनाला जोडल्यावर तीच तुमचा मीटर होते. बुडबुडे जोरात म्हणजे आत सगळे बंद आहे. मंद म्हणजे बारीक गळती. अजिबात नाहीत म्हणजे मोठी फट, नाहीतर एखादे बूच विसरले आहे.

टप्पा ३: गाडीपासून लांब, आधी यंत्राची परीक्षा

१. उघड्यावर, गाडीपासून तीन मीटर लांब, अग्निशामक हाताशी ठेवून पंप चालू करा. मग बटण दाबा. वीस-तीस सेकंदांत धूर यायला लागतो. बॅटरी डब्यापासूनही दूर ठेवा.

२. धूर पांढरा, दाट आणि आळसावलेला हवा. तपकिरी किंवा जळकट वासाचा असेल तर वात जळते आहे: बटण सोडा, थंड होऊ द्या, तेलाची पातळी पाहा.

३. आता एक जुनी रबरी नळी घ्या, एक टोक बंद करा, मधे १ मिमीचे भोक पाडा आणि दुसरे टोक धुराच्या नळीला जोडा. भोकातून धुराची बारीक रेघ स्पष्ट दिसली पाहिजे. हा नमुना जपून ठेवा, दर वेळी लागणार आहे.

चालवण्याचा क्रम कायम असाच ठेवा: चालू करताना आधी हवा, मग तार, बंद करताना आधी तार, मग मिनिटभराने हवा. सलग दोन मिनिटांपेक्षा जास्त बटण धरू नका, मग एक मिनिट विश्रांती. नमुना-भोकातून धूर दिसला नाही तर गाडीकडे जाण्यात अर्थ नाही.

टप्पा ४: गाडी तयार करणे

इंजिन बंद, चावी बाहेर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. इंजिन पूर्ण थंड किंवा फार तर कोमट असावे. तापलेल्या एक्झॉस्टवर तेलाचा धूर सोडायचा नसतो, आणि गरम इंजिनावरची हवा वर उसळत असल्याने धुराची रेघ मोडते. रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होऊ नये म्हणून गाडीच्या बॅटरीची ऋण वायर काढून ठेवा.

पेट्रोलचा वास येत असेल तर इथेच थांबा. आधी तो बंद करा, मग धुराचे पाहू.

सावधान: हे यंत्र इंधनाची टाकी, कॅनिस्टर (पेट्रोलची वाफ साठवणारा डबा) किंवा त्यांच्या बाष्पाच्या नळ्यांना कधीही जोडू नका. तिथे पेट्रोलची वाफ असते, आपण साधी हवा ढकलतो आहोत आणि मागे तापलेली तार आहे. त्या कामासाठीची अनेक व्यावसायिक यंत्रे नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू वापरतात, ते याच कारणाने. इनटेकच्या चाचणीतही पर्ज व्हॉल्व्हकडून (कॅनिस्टरमधली वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेकडून) येणारी नळी मॅनिफोल्डपाशी काढून तिथल्या निपलला टोपी घाला.

धूर सोडण्याआधी डोळे आणि हात फिरवून घ्या. नालीदार इनटेक पाइप हाताने वाकवा, त्याच्या घड्या उघडून पाहा. बारीक व्हॅक्यूम होजची टोके चिमटीत दाबा; कडक झालेली, फाटलेली टोके इथेच सापडतात.

टप्पा ५: बंद कुठे करायचे, धूर कुठून सोडायचा

१. एअर फिल्टरकडून येणारा पाइप एअरफ्लो सेन्सरच्या पुढे, म्हणजे सेन्सर आणि थ्रॉटल (हवा कमी-जास्त करणारी चकती) यांच्या मधे, मोकळा करा आणि तिथे बूच लावा. सेन्सरच्या बारीक तापत्या तारेवर तेलाचा पापुद्रा बसला तर गाडीत नवाच दोष तयार होईल. थ्रॉटलच्या अगदी तोंडाशीही बूच लावू नका: तसे केले तर तो नालीदार पाइप चाचणीतून वगळला जातो, आणि चिरा पडतात त्या बहुधा त्यातच.

२. बूच म्हणून रबरी हातमोजा तोंडावर ताणून वर होज क्लॅम्प लावणे मला सर्वांत सोयीचे वाटते. दाब चढला की मोजा फुगतो, म्हणजे दाब इथपर्यंत आला हे दिसते. फडके कोंबू नका. धागे आत राहतात, आणि कधीकधी फडकेही.

३. धूर सोडायला ब्रेक बूस्टरची (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर ब्रेक पेडलला मदत करणाऱ्या भागाची) जाड होज घ्या, पण बूस्टरच्या टोकाकडून काढा. मॅनिफोल्डकडचे टोक काढून तिथेच धूर सोडला तर ती होज तपासणीतून सुटते. होजमधला एकदिशा व्हॉल्व्ह बूस्टरकडून मॅनिफोल्डकडे हवा जाऊ देतो, त्यामुळे धूर आत जाईल. अडला तर तो व्हॉल्व्हच अडकला आहे, हे आयतेच कळले.

४. लावलेले प्रत्येक बूच आणि टोपी कागदावर लिहा आणि तो कागद स्टिअरिंगला चिकटवा.

५. थ्रॉटलची चकती हाताने उघडू नका. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचे दातेरी गिअर नाजूक असतात. बंद चकतीच्या कडेने आणि तिच्या मूळ फटीतून धूर दोन्ही बाजूंना जातो, फक्त वेळ जास्त लागतो.

टप्पा ६: भरणे

सर्वांत जास्त चुका इथे होतात. एखादी बाटली तोंडापर्यंत हवेने भरलेली असेल तर तिच्यात धूर कसा शिरणार? आतली हवा बाहेर पडायला वाट हवी. बूच पक्के लावून धूर सोडला तर आत थोडा दाब वाढतो, बुडबुडे येऊ लागतात, आणि धूर होजच्या पहिल्या हातभर भागातच बसून राहतो. पलीकडच्या गळतीतून बाहेर येते ती नुसती स्वच्छ हवा, जी कोणालाच दिसत नाही.

१. मोज्याची एक कड सैल सोडा. पंप चालू, मग तार.

२. त्या सैल कडेतून दाट धूर येईपर्यंत थांबा. इनटेकची पोकळी आणि पंपाची ताकद यांवर दोन ते पाच मिनिटे लागतात. पातळ धूर दिसला म्हणून घाई करू नका.

३. मॅनिफोल्डवरचा, धूर सोडल्या जागेपासून सर्वांत लांबचा एखादा बारीक निपल उघडा. तिथूनही धूर आला पाहिजे. आला की टोपी परत लावा.

४. आता मोजा पूर्ण बंद करा. तो फुगतो का, बाटलीत बुडबुडे येतात का, ते पाहा.

तिसरी पायरी वाचताना क्षुल्लक वाटते. माझ्या हातून ती एकदा राहिली होती आणि मॅनिफोल्डच्या मागच्या कोपऱ्यातल्या गॅस्केटची गळती निसटली होती. सात-आठ दिवसांनी तीच चाचणी याच क्रमाने केली तेव्हा धूर पहिल्याच मिनिटात दिसला.

टप्पा ७: पाहणे

पंखे बंद, दार उघडे पण वारा अंगावर नको. प्रखर टॉर्च समोरून न मारता बाजूने, जवळजवळ आडवी धरा. तिरप्या उजेडात धूर उजळतो, सरळ उजेडात नाहीसा होतो. मॅनिफोल्डच्या मागे आणि खाली छोटा आरसा किंवा फोनचा कॅमेरा घाला.

धूर दिसला त्या जागी गळती असेलच असे नाही. तो कड्याकपारींतून फिरून वर येतो. रेघ पकडा आणि खाली, मागे जात जात तिच्या उगमापाशी पोचा. दाट ढग झाला असेल तर तार बंद करून हवा तेवढी चालू ठेवा, हाताने वारा घालून ढग हटवा आणि पुन्हा पाहा. उगमापाशी धूर नेहमी बारीक आणि धारदार असतो.

पाहण्याचा क्रम: नालीदार पाइप आणि त्याचे क्लॅम्प, थ्रॉटल बॉडीचे गॅस्केट, इंजेक्टरच्या बुडाच्या ओ-रिंग, मॅनिफोल्ड आणि सिलिंडर हेड यांच्यातला सांधा (खालची कड विसरू नका), ईजीआर व्हॉल्व्हचा (जळलेला वायू परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या झडपेचा) सांधा, मॅप सेन्सरचे सील, सगळ्या बारीक होज आणि त्यांचे प्लास्टिकचे टी-जोड. प्लास्टिकचे जोड वर्षानुवर्षे तापून ठिसूळ होतात आणि बऱ्याचदा खालून चिरतात. प्रत्येक होज बघता बघता हलक्या हाताने वाकवा. काही चिरा वाकल्यावरच तोंड उघडतात.

संशयित जागी साबणाचे पाणी ब्रशने लावा. दाब तोच ठेवा. फेस उठला की शंका मिटली. खडूने खूण करा आणि पुढे पाहत राहा, पहिली गळती सापडली म्हणून थांबू नका. जुन्या गाडीत दोन-तीन असणे नवलाचे नाही.

फसवे धूर

सायलेन्सरमधून धूर आला तर घाबरू नका. इंजिन ज्या स्थितीत थांबले त्या स्थितीत एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असू शकतात, आणि धूर आरपार जातो. क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने पाव फेरा फिरवा. उलट फिरवू नका, टायमिंग बेल्ट किंवा चेन सैल पडू शकते. कुठल्याही स्थितीत सायलेन्सरमधला धूर थांबत नसेल तर बंद न होणारा ईजीआर व्हॉल्व्ह किंवा नीट न बसणारा इंजिन व्हॉल्व्ह असू शकतो.

डिपस्टिकच्या नळीतून किंवा ऑइल कॅपमधून येणारा धूर जास्त गोंधळात टाकतो, म्हणून त्याला वेगळा टप्पा.

टप्पा ८: पीसीव्ही, आधी बंद मग उघडी

मॅनिफोल्डमधून धूर पीसीव्हीच्या वाटेने क्रँककेसमध्ये उतरतो. व्हॉल्व्ह उघडा असलेल्या सिलिंडरात शिरून पिस्टन रिंगच्या कडेनेही उतरतो. त्यामुळे एकाच चाचणीत सगळे पाहिले तर काहीच कळत नाही.

१. पहिली फेरी: पीसीव्हीची नळी मॅनिफोल्डपाशी काढून निपलला टोपी, आणि झडपेच्या कव्हरकडून नालीदार पाइपला येणारी ताज्या हवेची नळी काढून पाइपच्या तोंडालाही टोपी. आता दिसतो तो धूर केवळ इनटेकचा.

२. दुसरी फेरी: दोन्ही नळ्या परत जोडा आणि पुन्हा भरा. आता क्रँककेसही चाचणीत आला. भरताना ऑइल कॅप सैल ठेवा, तिथून धूर आला की घट्ट करा.

दुसऱ्या फेरीत ऑइल कॅपचे सील, डिपस्टिकची ओ-रिंग, झडपेच्या कव्हरचे गॅस्केट यांतून धूर आला तर ‘हे तर तेलाच्या बाजूचे’ म्हणून सोडून देऊ नका. एअरफ्लो सेन्सर असलेल्या इंजिनात पीसीव्ही क्रँककेसमधली हवा ओढून मॅनिफोल्डला देते. डिपस्टिकच्या सैल बुचातून शिरलेली हवा सेन्सरने न मोजताच सिलिंडरात पोचते. मिश्रण पातळ होण्याचे हे अगदी खरे कारण आहे, आणि दुरुस्ती एका रबरी रिंगची असते.

टप्पा ९: काहीच दिसले नाही तर

क्रमाने जा.

१. नमुना-भोकाची नळी पुन्हा जोडा. धूर येतो का? येत नसेल तर तेल, वात, बॅटरी.

२. लांबचा निपल पुन्हा उघडा. तिथे धूर आहे का? नसेल तर टप्पा ६ नव्याने.

३. बाटलीत बुडबुडे जोरात येत आहेत का? तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील तर इनटेक या दाबाला आणि या तापमानाला खरोखर बंद आहे.

तरीही संशय असेल तर ब्रेक बूस्टर उरतो, कारण त्याला आपण वगळले होते. त्याची होज आणि गाडीची बॅटरी परत जोडा, सगळी बुचे काढा, आणि इंजिन बंद असतानाच पेडल पाच-सहा वेळा दाबून कडक करा. मग पाय दाबून धरून इंजिन चालू करा: पेडल थोडे खाली गेले पाहिजे. पाय धरलेला असताना पेडलपाशी सुस्कारा ऐकू येत असेल किंवा आयडल बदलत असेल तर बूस्टरचा पडदा फाटलेला असू शकतो. हा ब्रेकचा प्रश्न आहे, गाडी पुढे चालवू नका.

दुसरी शक्यता तापमानाची. काही मॅनिफोल्ड गॅस्केट थंडीत आकसून गळतात आणि इंजिन तापले की बंद होतात. तक्रार फक्त सकाळच्या पहिल्या सुरुवातीला येत असेल तर रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर चाचणी करा.

आणि या पद्धतीची मर्यादाही खरी आहे. आयडलला मॅनिफोल्डमध्ये ६० ते ७० किलोपास्कलचे खेचणे असते. आपण साडेतीन किलोपास्कलने, म्हणजे त्याच अर्ध्या पीएसआयने, आतून बाहेर ढकलतो आहोत. आतून सुटलेला होजचा थर ओढल्यावरच चिकटतो, तो इथे दिसणार नाही. टर्बो गाडीत बूस्टखालीच (टर्बोने वाढवलेल्या दाबाखालीच) उघडणारी फटही दिसणार नाही. ती शोधायला दाब वाढवत नेऊ नका, हा डबा त्यासाठी नाही.

टप्पा १०: दुरुस्ती आणि परत मोजणी

फाटलेल्या होजवर टेप किंवा सिलिकॉन लावून वेळ मारून नेऊ नका. तेलाच्या वाफेने टेप सुटते, आणि ओले सिलिकॉन आत ओढले गेले तर त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सरला बाधते. होज, ओ-रिंग, गॅस्केट नवेच घाला. मॅनिफोल्डचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने आवळा.

१. टप्पा ६ आणि ७ पुन्हा करा. आधी मंद असलेले बुडबुडे आता जोरात यायला हवेत.

२. स्टिअरिंगवरचा कागद काढा आणि एकेक बूच मोजून परत आणा. पर्जची नळी, पीसीव्हीची नळी, बूस्टरची होज, एअर पाइपचा क्लॅम्प. बूस्टरची होज राहिली तर ब्रेकला मदत मिळणार नाही, म्हणून गाडी हलवण्याआधी पेडल तपासा.

३. गाडीची बॅटरी जोडा, उघड्यावर इंजिन चालू करा. पहिली एक-दोन मिनिटे सायलेन्सरमधून पांढरा धूर येईल, तो आपणच भरलेला आहे. नंतरही येत राहिला तर मात्र शोध घ्या.

४. कोड पुसा, इंजिन पूर्ण गरम करा आणि ट्रिमचे तेच दोन आकडे पुन्हा लिहा. लाँग टर्म ट्रिम शिकायला वेळ घेते, म्हणून काही दिवसांच्या नेहमीच्या वापरानंतर तिसऱ्यांदा मोजा. आयडल आणि २५०० यांच्या आकड्यांतली दरी मिटलेली हवी. दरी निम्मीच कमी झाली असेल तर दुसरी गळती शिल्लक आहे.

डबा ठेवून देताना तेल ओतून काढा, वातीवरची काजळी पाहा. वेढ्यांखालचा भाग काळा कडक झाला असेल तर पुढच्या वेळेआधी वात बदला. काजळलेली वात तेल वर चढू देत नाही.